हवामान बदल, आंदोलनं आणि आपली पोरं : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वर्गात, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हवामान बदलाचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतात. पूनम गेटसमोर चार मुलं फलक घेऊन उभी राहिली तर वाद हवामानापासून सुरू होतो आणि ‘शाळा सोडून हे काय चाललंय’ इथे येऊन अडकतो. या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. मी मुलांच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. पण त्यांना विरोध करणाऱ्यांचे काही मुद्दे खरे आहेत आणि तेही इथे आले आहेत.

सोलापूर पहिल्यापासूनच उन्हाचं आणि दुष्काळाचं. मग यात नवीन काय?

दुष्काळ नवीन आहे असं कुणी जाणकार म्हणत नाही. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली, खडी फोडायला गेलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

बदलला आहे तो पाया. १८५० ते १९०० या काळाशी तुलना केली तर पृथ्वीचं सरासरी तापमान २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंशांनी वाढलेलं होतं. २०२४ हे नोंदींमधलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने त्या वर्षीची वाढ सुमारे १.५५ अंश होती. एक-दीड अंशाने काय बिघडतं, असं वाटू शकतं. पण हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे कोरड्या दिवसांत जमिनीतली ओल लवकर उडते आणि पाऊस आला की एकदम ओततो.

उजनीकडे बघा. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. उणे म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात घातलेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण शंभर टक्के भरलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये सीना नदी अशी चढली की माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत पाणी शिरलं आणि लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. छावणीला चारा शोधणारा जिल्हा बोटीत बसून घर सोडत होता.

हा एकेक पूर हवामान बदलामुळेच आला, असं मी वर्गात सांगत नाही. धरणातून पाणी कधी सोडलं, ओढे कुणी बुजवले, नदीपात्रात काय बांधलं, हे सगळं त्यात असतं. पण १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं आहे. फासे त्या बाजूला झुकले आहेत, एवढं नक्की म्हणता येतं.

हे माणसामुळेच होतंय कशावरून? सूर्याचं चक्र असेल.

सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचे खालचे आणि वरचे थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा थंड होतोय. उष्णता खालीच अडवली जात असेल तरच असं होतं. अडवणारा मुख्य वायू कार्बन डायऑक्साइड. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. जादा आलेला कार्बन कोळसा आणि तेल जळून आला आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, कळतं.

हे ज्ञान कालपरवाचंही नाही. युनिस फूट यांनी १८५६ साली आणि जॉन टिंडल यांनी १८५९ साली या वायूचा उष्णता धरून ठेवण्याचा गुण प्रयोगाने दाखवला. स्वांते अर्‍हेनियस यांनी १८९६ साली हिशेब मांडला की हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल.

पण शास्त्रज्ञांतच एकमत नाही ना?

मूळ गोष्टीवर आहे. माणसाने पृथ्वी तापवली ही बाब निःसंशय आहे, असं आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने, २०२१ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं. मतभेद आहेत ते पुढच्या तपशिलांवर: दख्खनच्या पठारावर पाऊस नेमका किती आणि कसा बदलेल, मान्सूनमधले खंड किती लांबतील. शेतकऱ्याला हेच हवं असतं आणि नेमकं इथेच विज्ञान अजून हात राखून बोलतं. त्यामुळे ‘यांना काही माहीत नाही’ असा त्याचा समज होतो. तो राग मला समजतो.

मग खरा वाद कशावर आहे?

किंमत कुणी मोजायची यावर. मला वाटतं आपल्याकडचे नव्वद टक्के वाद विज्ञानाचे नाहीतच. ‘हवामान बदल थोतांड आहे’ म्हणणाऱ्या माणसाला थोडं खोदून विचारलं की तो म्हणतो, ‘अमेरिकेने शंभर वर्षं धूर सोडला आणि आता आमच्या कारखान्याला नोटीस.’

त्याची तक्रार खरी आहे. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन वर्षाला साधारण २ टन, जगाची सरासरी साडेचार टनांच्या पुढे, अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. एकूण उत्सर्जनात मात्र आपण चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ तिसरे आहोत, आणि हेही खरंच आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्याचं (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषण) उद्दिष्ट २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं.

आपल्या उंबऱ्यापाशी हा वाद फताटेवाडीत उभा आहे. तिथल्या एनटीपीसीच्या प्रकल्पाची क्षमता १३२० मेगावॉट. कोळसा जळतो, पाणी उजनीचं जातं आणि वीज आपल्याला हवी असते. यंत्रमाग त्यावर चालतात, शेतपंप त्यावर चालतात. उद्या तो बंद करा म्हणणाऱ्याने पर्यायी वीज आणि तिथल्या कामगारांचं काय, हे सांगायलाच हवं. आणि तो कायम असाच चालू दे म्हणणाऱ्याने मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यांना तोंड दाखवून उत्तर द्यावं. अशी समोरासमोरची चर्चा आपल्या शहरात व्हायला हवी.

पोरं प्लास्टिकवर बोलतात. उसावर का बोलत नाहीत?

हा प्रश्न मोहोळ-माढ्याकडचे शेतकरी उपरोधाने विचारतात. पण त्याचं सरळ उत्तर द्यायला हवं, कारण जिल्ह्याच्या पाण्याचा हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

राज्यात उसाखालचं क्षेत्र थोडं, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून बराच जास्त. आणि तीसहून अधिक साखर कारखाने एकट्या सोलापूर जिल्ह्यात. कमी पावसाच्या मुलखात हे चित्र बरोबर नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. मुलांनीही म्हणावं.

मात्र शेतकऱ्याला दोष देऊन ते म्हणू नये. उसाला कायद्याने ठरलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, आहे, उचलायला कारखाना आहे, गारपिटीत तो आडवा झाला तरी काहीतरी हाती लागतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत द्राक्षं आणि डाळिंबाच्या बागा एका दुपारीत झोपल्या, ते बघितलेला माणूस उसाकडे वळला तर त्याचं चुकलं कुठे? ज्वारीचं म्हणाल तर आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्राने मालदांडीसारखा वाण देशाला दिला. रब्बीच्या ओलीवर येणारी, कडबा देणारी ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मळणीनंतर पोतं घेऊन बाजारात गेलेल्याला काय भाव मिळेल याची हमी कोण देतं?

म्हणून मागणी ‘ऊस बंद करा’ अशी असली की ती हवेत विरते. ‘ज्वारी आणि डाळींची खात्रीची खरेदी करा, उसाला ठिबक सक्तीने आणि अनुदान वेळेवर द्या, उजनीच्या पाण्याच्या पाळ्यांचं वेळापत्रक जाहीर करा’ अशी असली तर शेतकरी मुलांच्या शेजारी येऊन उभा राहतो. हे मी होताना पाहिलं आहे.

शहरवाल्यांनीही आपल्याकडे बघावं. सोलापूरला पाणी द्यायचं म्हणून उजनीतून भीमेत आवर्तन सोडायचं आणि ते औज बंधाऱ्यात अडवून उचलायचं, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी नदीत सोडावं लागत आलं. आणि एवढं करूनही नळाला रोज पाणी नाही.

हे सगळं एसीत बसणाऱ्यांचं खूळ नाही का? गरिबाला पोटाची चिंता असते.

उलट आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पूर्व भागातल्या एखाद्या मागाच्या कारखान्यात उभे राहा. वर पत्रा. खिडक्या बंद किंवा अर्धवट उघड्या, कारण कोरड्या वाऱ्याने सूत तुटतं. मागांचा खडखडाट इतका की शेजारच्याशी खुणेने बोलावं लागतं. हवेत कापसाचे तंतू, घामाने ते मानेला चिकटतात. कामगार चार माग सांभाळत फिरतो, तुटलेला धागा जोडतो, पुढच्या मागाकडे जातो. मजुरी जेवढं विणलं तेवढ्याची. भोवळ आली म्हणून तासभर बसला तर त्या तासाचे पैसे गेले. घरी बायको किंवा आई विड्या वळत बसलेली, तीही पत्र्याखालीच आणि तिचाही हिशेब हजारी विड्यांवर.

आता या माणसाला विचारा, वाढत्या उन्हाचा प्रश्न श्रीमंतांचा आहे का?

आमच्या विद्यार्थ्यांचं सगळ्यात चांगलं काम मला इथेच वाटतं. त्यांतली बरीच मुलं याच घरांतून येतात, घरात तेलुगू बोलतात, वर्गात मराठी. त्यांनी आपल्याच वडिलांच्या कामाच्या जागी तापमापक लावून नोंदी ठेवल्या आणि मग मागण्या लिहिल्या: पत्र्याला पांढरा चुना, उन्हाळ्यात पाळीची वेळ पहाटेची, गार पाणी आणि ओआरएस हाताशी, उष्माघाताच्या दिवशी सुट्टीची मजुरी. चुन्याने पत्रा ऊन परतवतो आणि आतली धग कमी होते. खर्च किरकोळ. काही मालकांनी केलं. मजुरीच्या मुद्द्यावर मात्र अजून कुणी हललेलं नाही.

पर्यावरणवाद्यांनी माळढोक पक्ष्याच्या नावाने आमच्या जमिनी अडकवल्या. त्यांच्यावर विश्वास का ठेवायचा?

हा राग नान्नज परिसरात आणि करमाळ्यापर्यंत ऐकू येतो आणि त्याला इतिहास आहे. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचा पसारा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होता, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेला. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. खरेदी-विक्री, बांधकाम, परवानग्या, प्रत्येक गोष्टीला वन विभागाचा अडसर. नंतर ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं गेलं. मधल्या तीन दशकांत माणसांच्या मनात पक्ष्याबद्दल जे कटू झालं ते झालं. पक्षीही वाचला नाही म्हणावं इतकी त्याची संख्या घटली. गवताळ माळ कमी झाले, विजेच्या तारा आल्या. पूर्वी आमच्या सहली नान्नजला जात तेव्हा माळढोक दिसेल ही आशा असायची. आता मुलं काळवीट बघून परततात.

मला यातून एवढंच दिसतं की ज्यांच्या जमिनीवर संरक्षण करायचं त्यांना विचारलं नाही तर दोन्ही बाजू हरतात.

या पक्ष्याचा हवामानाच्या कायद्याशीही संबंध आहे. राजस्थान-गुजरातमध्ये सौर आणि पवन ऊर्जेच्या तारांना धडकून माळढोक मरतात, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ च्या आदेशाने तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या होत्या, मार्च २०२४ च्या निकालात तो आदेश सैल झाला आणि तज्ज्ञ समिती नेमली गेली. त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये येतो. स्वच्छ वीजही हवी आणि माळढोकही हवा, अशी ही ओढाताण आहे. दोन्ही बाजूंना पर्यावरणच उभं आहे. मुलांना हे प्रकरण जरूर शिकवा.

ग्रेटा थुनबर्गचं बघून आपली पोरं बिघडली. हे बाहेरचं खूळ नाही का?

ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा हवामानासाठी शाळा सोडून एकटी स्वीडनच्या संसदेसमोर बसली, हे खरं. सप्टेंबर २०१९ मध्ये जगभर लाखो मुलं रस्त्यावर आली आणि त्यात भारतातलीही होती. पण त्याआधी, २०१७ साली, उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडेने राष्ट्रीय हरित लवादात याचिका केली होती. चिपको १९७३ चं. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेची झाडं रात्रीतून तोडायला घेतली तेव्हा एका कायद्याच्या विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून घेतलं आणि तोड थांबवायला सांगितलं. पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक कल्पना मांडली, वानुआतू देशाने ती उचलून धरली आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्यावर मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे.

आणि तरुणांनी सार्वजनिक प्रश्नावर उभं राहणं सोलापूरला बाहेरून शिकावं लागतं का? १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले चार हुतात्मे आपलेच. कुर्बान हुसेन विशीतले होते. त्या लढ्याची बरोबरी मी कशाशीच करत नाही. पण ‘पोरांना काय कळतं’ हे वाक्य या शहरात जपून वापरावं.

शिकायच्या वयात शिकावं. संप कशाला?

दर शुक्रवारी शाळा बुडवण्याच्या मी विरोधात आहे. ज्या मुलाच्या घरात पहिल्यांदा कुणी दहावीपर्यंत पोचतंय त्याच्यासाठी शाळेचा दिवस फार महाग असतो, आणि स्वीडनमधला उपाय इथे जसाच्या तसा लावायची गरज नाही. शनिवारी दुपारी, रविवारी सकाळी उभं राहता येतं. बोलायचंच नाही, हे मात्र मान्य नाही. अठराच्या आत मत नाही, आणि आज घेतलेल्या निर्णयांचं ऊन सगळ्यात जास्त वर्षं तेच सोसणार आहेत.

मुलांच्या मनात उगाच भीती भरली जाते, असं वाटत नाही का?

काही ठिकाणी भरली जाते. ‘बारा वर्षांत जग संपणार’ अशा घोषणा मी मुलांना लिहू देत नाही, कारण विज्ञान तसं म्हणत नाही. नुकसान तापमानवाढीच्या अंशाच्या प्रत्येक दशांशाने वाढतं आणि प्रत्येक दशांशाने वाचवताही येतं.

पण भीती फक्त घोषणांतून येत नाही. २०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास साठ टक्के खूप किंवा अत्यंत काळजीत होते. सीनेच्या पुरानंतर आमच्या वर्गातल्या एका मुलीने परीक्षेच्या अर्जावर पत्ता लिहिताना विचारलं, ‘सर, गावाकडचा लिहू का मामाकडचा?’ तिचं घर राहण्याजोगं उरलं नव्हतं. तिला घाबरू नकोस म्हणून उपयोग नव्हता. पंचनाम्याचे कागद भरायला तिच्यासोबत दोन मित्र गेले, त्याचा झाला.

झाडं लावली की पुरे ना?

नाही. लावा, पण कडुनिंब, करंज, चिंच अशी इथे टिकणारी लावा आणि निदान तीन उन्हाळे पाणी घाला. माळरानावर मात्र खड्डे खणू नका. गवताळ माळ ही पडीक जमीन नाही. माळढोक, काळवीट, लांडगा त्यावरच जगतात. आणि उभं जुनं झाड वाचवणं हे नवी शंभर रोपं लावण्याहून मोठं काम आहे.

दिल्लीत एका मुलीला अटक झाली होती. माझ्या मुलाला पाठवू का?

ते प्रकरण फेब्रुवारी २०२१ चं. बंगळुरूच्या बावीस वर्षांच्या दिशा रवीला शेतकरी आंदोलनाशी संबंधित ‘टूलकिट’वरून, म्हणजे आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा हे सांगणाऱ्या ऑनलाइन कागदावरून, दिल्ली पोलिसांनी अटक केली. दहा दिवसांनी जामीन मिळाला आणि देताना न्यायालयाने पुरावा तुटपुंजा असल्याचं नोंदवलं. त्याआधी २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्यावर ईमेल पाठवण्याची मोहीम चालवणाऱ्या तरुणांचं संकेतस्थळ काही काळ बंद झालं होतं. पालकांची धास्ती बिनबुडाची नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलावर गुन्हा नोंदवला गेला तर चारित्र्य पडताळणीत त्रास होतो, हे मी लपवत नाही.

म्हणून नियम पाळा. शहरात बऱ्याचदा पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी असते, तेव्हा जागा, वेळ, संख्या लिहून पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या आणि पोच घ्या. रस्ता अडवू नका. अठराखालच्या मुलांसोबत पालकांची लेखी संमती आणि मोठं माणूस हवंच. समाजमाध्यमांवर खात्री नसलेलं काही पुढे पाठवू नका. एवढं करून मुलगा जाणार असेल तर पाठवा, आणि जमलं तर सोबत जा.

घरातले मोठे ऐकून घेत नाहीत. काय करू?

आकडे नंतर. आधी त्यांना विचारा की मृगाच्या पेरण्या पूर्वी कधी व्हायच्या, विहिरीला पाणी किती परसावर होतं, रात्री अंगणात झोपता यायचं का. आजोबांना हवामान बदल हा शब्द पटणार नाही, पण पाऊस बदललाय हे ते तुमच्याहून आधी सांगतील. बोलणं तिथून पुढे न्या.

फलक धरून झाला. आता नेमकं कुठे जायचं?

शहरात झाड तोडण्याच्या परवानगीवर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत घेता येते. जाहीर सूचना वर्तमानपत्रात येतात, त्या वाचायचं काम दोघातिघांनी वाटून घ्या. सोलापूर हे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातलं शहर आहे. त्या निधीतून कुठला रस्ता, कुठलं यंत्र, किती खर्च, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, बरेच जण इथेच सोडून देतात. कारखान्याचं सांडपाणी किंवा धूर असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख, वेळ आणि छायाचित्रासह तक्रार द्या. त्यानेही हललं नाही तर हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. गावात राहत असाल तर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची मागणी करा आणि ती इतिवृत्तात लिहिली गेली की नाही, हे सही करण्याआधी वाचून बघा.